दार लावल्यावर दिवा विझतो का

१

त्या घरात वस्तू सहजासहजी मरत नसत. सूनबाईच्या नवऱ्याचा तसा बाणाच होता. इस्त्रीला दुसरीच वायर, पंख्याला तिसऱ्याच पंख्याचं पातं, आणि छत्रीवर इतके टाके की पावसात माणसाआधी छत्रीच भिजायची. "दुरुस्त होत असेल तर टाकायचं कशाला?" हे तो अशा सुरात म्हणायचा, की ऐकणाऱ्याला आपण उधळे असल्यासारखं वाटावं. सूनबाई गमतीनं म्हणायची, "बरं झालं, मी अजून बिघडले नाही. नाहीतर माझ्याही पाठीचे स्क्रू काढून बसला असतात."

सूनबाई हे सासऱ्यांनी पाडलेलं नाव. ते नवऱ्याच्याही तोंडी बसलं होतं. घरात माणसं तीनच. नवरा सकाळी कामावर जायचा तो दिवेलागणीला यायचा. सासरे, म्हणजे बाबा, जन्मभर पुलांचे नकाशे काढत आले होते आणि आता मधुमेहानं त्यांना खुर्चीत बसवलं होतं. डाव्या पायाच्या अंगठ्याची जखम भरेना, तेव्हा सूनबाईनं वाचनालयातली नोकरी थोड्या दिवसांसाठी सोडली. त्या थोड्या दिवसांना पुढे शेपूट फुटलं. त्याबद्दल घरात कुणी काही बोलत नसे.

स्वयंपाकघर लांबट होतं. एका टोकाला खिडकी आणि तिच्याखाली भांडी घासायचं सिंक. मधे टेबल, टेबलाशी बाबांची खुर्ची. दुसऱ्या टोकाला फ्रिज. भांडी घासायला उभं राहिलं, की बाबा आणि फ्रिज दोन्ही पाठीमागे जात. फ्रिज जुना, मुळात पांढरा, आता दुधाच्या सायीच्या रंगाचा. थांबताना तो ओल्या कुत्र्यासारखा एकदा अंग झटकायचा आणि त्याच्या डोक्यावरच्या बरण्या किणकिणायच्या. पाहुणे दचकत, घरच्यांना ते ऐकूही येत नसे.

तर त्या फ्रिजमध्ये दूध नासायला लागलं.

२

दूध नासतं हे निमित्त. खरी काळजी वेगळीच होती.

बाबांची साखर उतरत नव्हती. सूनबाई त्यांचं खाणं मोजूनमापून करत होती, गोळ्या वेळेवर देत होती, जखम धुऊन बांधत होती, आणि दर तपासणीला आकडा वरच. पालथ्या घड्यावर पाणी. डॉक्टरीणबाई गोड बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या, "हे असंच राहिलं तर अंगठा काढावा लागेल. अंगठ्यावर थांबलं तर नशीब समजा. ह्यांना घरात गोड कोण देतंय, ते आधी शोधा."

गोड फ्रिजमध्ये होतंच. नवऱ्याला जेवणानंतर कस्टर्ड लागायचं. ते सोड म्हटलं तर तो तोंड पाडून बसायचा. सूनबाई रात्री वाडगा भरून ठेवायची आणि दुसऱ्या संध्याकाळी त्यात खड्डा पडलेला असायचा.

एकदा जेवताना नवऱ्यानं विषय काढलाच. "बाबा, एक विचारू? दुपारी तुम्ही फ्रिज उघडता का?"

"मी कशाला उघडू?" बाबा म्हणाले. "सूनबाई देते की."

सूनबाईच्या हातातला घास हातातच राहिला. मग ती हसली. नवराही हसला, पण जरा उशिरानं.

"बाबा, ती कशी देईल? तीच तर तुमच्या साखरेच्या मागे हात धुऊन लागलीय."

बाबांनी सुनेकडे पाहिलं. त्यांच्या डोळ्यांत एक खट्याळपणा आला. शाळेतली पोरं मास्तरांच्या नकळत एकमेकांकडे बघतात, तसा. "बरं, नाही देत," ते म्हणाले आणि तिच्याकडे बघून डोळा मिचकावला.

म्हातारं माणूस आहे, विसरतं, रचून सांगतं. सूनबाईनं स्वतःची अशीच समजूत घातली. पण तो मिचकावलेला डोळा तिला रुतून बसला. बाबांना खोटं बोलताना तिनं पुष्कळदा पाहिलं होतं. तेव्हा ते चिडायचे. आज ते चिडले नव्हते. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, पण इथे चोरच तिच्याकडे आपला माणूस म्हणून बघत होता.

३

मेकॅनिक आला तो बोलतच आला. फ्रिजच्या पाठीला कान लावला, दाराचं रबर चिमटीत धरून ओढलं, आतल्या दिव्याशेजारचं बटण बोटानं दाबून सोडून पाहिलं. बटण दाबलं की दिवा विझे, सोडलं की लागे.

"वहिनी, मशीनला काही झालेलं नाही. जुन्या हाडाचं आहे. दार फार वेळ उघडं राहतंय, नाहीतर हा दिवा विझत नाहीये. आत दिवा पेटता राहिला तर दूध तापणारच."

"पण आत्ता तर विझला."

"बोटानं दाबल्यावर विझतो. दार लावल्यावर विझतो का, ते बाहेरून कसं दिसणार? ही बटणं झिजली की लहरी होतात. कधी विझवतात, कधी नाही." मग त्यानं एक युक्ती सांगितली. फोनवर व्हिडिओ सुरू करायचा, फोन आत कप्प्यात उभा करायचा, तोंड दाराकडे, आणि दार लावून आपल्या कामाला लागायचं. "भांडी घासून होईपर्यंत राहू द्या आत. मग बघा. दिवा लागला असेल तर बटण बदलू, संपलं. नवीन घ्यायच्या भानगडीत पडू नका."

नवऱ्यानं हे ऐकलं असतं तर त्यानं मेकॅनिकला मिठीच मारली असती.

"आणि दार कोण सारखं उघडतंय, तेही दिसेल," जाताजाता तो म्हणाला. त्याला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

४

दुपारचं जेवण झालं होतं. बाबा खुर्चीत डोळे मिटून बसले होते, दुखरा पाय स्टुलावर. सूनबाईनं फोन लोण्याच्या डब्याला टेकवून उभा केला, दार लावलं आणि सिंककडे गेली. नळ सोडला. दुधाच्या पिशवीचं रबर मनगटात अडकवायची तिची सवय होती, ते तसंच होतं. घासता घासता ती गुणगुणत होती. ती नेहमी एकाच ओळीवर अडकायची आणि पुन्हा सुरुवातीला यायची.

सगळी भांडी पालथी घालून झाल्यावर तिनं फोन काढला. काचेवर वाफ धरली होती. ती पदरानं पुसावी तर अंगात गाऊन होता, निळा, ठिपक्यांचा. तिनं त्याच्याच टोकानं पुसली आणि टेबलाशी टेकून व्हिडिओ लावला.

आधी तिचाच चेहरा दिसला, फार जवळून, कपाळाला आठी. मग दार लागलं आणि काळोख झाला. म्हणजे दिवा विझतो. तिला बरं वाटलं, काम झालं होतं. पण तिनं व्हिडिओ बंद केला नाही. काळोखात फ्रिजची घरघर, तिच्यापलीकडे नळाचा आवाज, भांड्यांची आदळआपट, आणि लांबून, बेसूर, तिचं गुणगुणणं. आपण इतक्या बेसूर आहोत हे तिला माहीत नव्हतं. तिला हसू आलं.

मग दिवा लागला.

बटण लहरी झालं होतं म्हणून नव्हे. दार उघडलं होतं, वीतभर. फटीतून टेबलाची कड दिसत होती, बाबांचा गुडघा दिसत होता, आणि अगदी पुढ्यात निळा, ठिपक्यांचा गाऊन. एक हात आत आला. मनगटात रबर होतं. हातानं कस्टर्डचा वाडगा उचलला.

हात कोरडा होता. नळ मात्र वाहत होता. भांडी वाजत होती. गुणगुणणं त्याच ओळीवर अडकलं आणि पुन्हा सुरुवातीला आलं.

"घ्या, बाबा," अगदी जवळून एक आवाज म्हणाला, समजूत घालणारा, लाडिक. "पटकन घ्या. तिला कळायच्या आत."

बाबा हसले. किती दिवसांत सूनबाईनं ते हसू ऐकलं नव्हतं. चमचा वाडग्याला लागल्याचे बारीक आवाज आले, पुष्कळ वेळ. मग वाडगा जागेवर आला, दार लागलं, काळोख झाला. पुढे नुसती घरघर होती आणि भांडी. शेवटी दार पुन्हा उघडलं आणि एक ओला हात फोनकडे आला. तो तिचा होता.

५

तिनं व्हिडिओ पुन्हा लावला नाही. आपला आवाज आपल्याला ओळखू येत नाही म्हणतात. तिला तो पहिल्या शब्दाला ओळखू आला होता.

डोकं चालतं करावं म्हणून तिनं सगळे रस्ते धुंडाळले. फोन बिघडला असेल. जुना कुठला व्हिडिओ ह्यात मिसळला असेल. पण गाऊन आजचा होता आणि गुणगुणणं आत्ताचं. मग उरलं ते एकच, की हे तीच करते आणि तिला आठवत नाही. भांडी टाकून ती येते, बाबांना भरवते, परत जाते. पण मग ती इकडे असताना तिकडे गुणगुणत कोण होतं?

ती बाबांच्या समोर बसली. "बाबा, आत्ता मी भांडी घासत होते, तेव्हा कस्टर्ड कुणी दिलं?"

"गंमत करतेस का म्हाताऱ्याची?"

"नाही. खरंच सांगा."

"तूच की." त्यांनी आवाज खाली आणला. "पण तूच म्हणालीस ना, तिला सांगायचं नाही म्हणून."

"तिला म्हणजे कुणाला?"

बाबांनी हनुवटीनं सिंककडे खूण केली. तिथे कुणी नव्हतं. खिडकीच्या उजेडात भांडी निथळत होती.

सूनबाईनं फोन उचलला. तिला वाटलं, आत्ताच्या आत्ता नवऱ्याला फोन करावा, हे दाखवावं, त्याच्या गळ्यात पडून रडावं. मग त्याला काय दिसेल ते तिच्या लक्षात आलं. त्याला बायकोचा गाऊन दिसेल, बायकोचा हात दिसेल, बायकोचा आवाज ऐकू येईल. बाप साखर खाताना ऐकू येईल. नळ काय, उघडा टाकून येता येतं, आणि मागच्या गुणगुणण्याकडे तो लक्षही देणार नाही. आणि त्याहून वाईट एक गोष्ट होती. ह्या पायाचं एकदाचं काय ते होऊ दे आणि मी सुटू दे, असं तिच्या मनात येऊन गेलं होतं. एकदाच नव्हे. मन चिंती ते वैरी न चिंती. ते तिनं कधी कुणापाशी बोलून दाखवलं नव्हतं, पण मनात आलं होतं हे खरं.

तिनं व्हिडिओ पुसून टाकला.

६

"दिवा विझतो का?" मेकॅनिकनं फोनवर विचारलं.

"विझतो," ती म्हणाली. "पण आम्ही नवीन घेतोय."

नवरा बघतच राहिला. "अगं, तो म्हणतोय त्याला काही झालेलं नाही. जुन्या हाडाचं मशीन आहे."

"मला नकोय ते घरात."

"कारण तरी सांग."

"थंडी नीट धरत नाही. बाबांची औषधं असतात त्यात. आणखी काय कारण पाहिजे?" तिचा आवाज असा चढला, की बाबांनी मान फिरवली. "तुमचं सगळं दुरुस्त करून झालंय माझ्यासमोर. हे एक नाही करायचं."

लग्न झाल्यापासून ती अशी बोलली नव्हती. नवऱ्यानं हात टेकले.

जुना फ्रिज दुकानाच्या माणसांनी दोरानं बांधून नेला. जिना उतरताना तो एकदा भिंतीला घासला, बाकी काही झालं नाही. नवा आला तो करड्या रंगाचा, उंच, आणि त्याला आवाजच नव्हता. त्या दिवशी नवऱ्यानं कस्टर्डही सोडलं. बापाच्या पायापेक्षा जीभ मोठी नाही, हे त्याला उशिरा का होईना, सुचलं.

बाबांची साखर उतरली. अंगठ्याच्या जखमेवर खपली धरली. डॉक्टरीणबाई चक्क हसल्या. सूनबाईला कोण आनंद झाला, तिनं त्या रात्री गाढ झोप घेतली.

पण बाबा गप्प झाले. जेवण ढकलून देऊ लागले. सूनबाई घास पुढे करायची, ते तोंड फिरवायचे. गाल बसले. एके दुपारी ती पाय बांधत असताना ते म्हणाले, "ती येत नाही आता."

"कोण, बाबा?"

"तू चांगली आहेस, सूनबाई. पायाचं सगळं करतेस. पण ती बसायची माझ्याजवळ."

पट्टीची गाठ मारता मारता सूनबाईचे हात थांबले. तिच्या मनात एक साधी गोष्ट आली, जी इतके दिवस तिच्या डोक्यात शिरली नव्हती. फ्रिजचा काय दोष होता? त्याच्या पोटात तर नुसता फोन होता. दार लागलेलं असताना आत काळोखच होता. जे काही झालं ते दार उघडल्यावर, बाहेर, ह्याच टेबलाशी, तिच्या पाठीमागे झालं होतं. आणि फ्रिज घराबाहेर काढल्याला इतके दिवस झाले, तरी भांडी घासताना तिनं एकदाही मागे वळून पाहिलं नव्हतं. वळायची छाती झाली नव्हती.

७

बाबांची साखर आता नको इतकी उतरू लागली. न जेवता औषध घेतलं की माणूस गळून जातो. डॉक्टरीणबाईंनी बजावलं, "घरात जॅमची बाटली ठेवा. घाम सुटला, हात थरथरले, तर एक चमचा द्या. एकच. नाहीतर पुन्हा मूळपदावर येऊ आणि मग मी तो पाय वाचवू शकणार नाही."

त्या दुपारी बाबांनी जेवणाला हात लावला नाही. सूनबाई ताटं सिंकमध्ये ठेवून वळली तो त्यांच्या कपाळावर घाम. ओठ पांढरे. तिनं धावत जाऊन बाटली काढली आणि खुर्ची ओढून त्यांच्याजवळ बसली. सिंककडे पाठ करून. ह्या बाजूला आपण कधी बसतच नाही, हे तिला बसल्यावर जाणवलं. इथून बाबांचा चेहरा दिसत होता. किती वाळले होते ते.

"घ्या, बाबा."

त्यांनी चमचा तोंडात घेतला. डोळे मिटले. हळूहळू ओठांवर रंग आला. मग डोळे उघडून त्यांनी तिच्याकडे पाहिलं, नीट, आणि त्यांचा सगळा चेहरा उजळला.

"आलीस?" ते म्हणाले.

मी इथेच होते, असं म्हणायला हवं होतं. सगळी भांडी मीच घासली, पाय मीच बांधला, असं म्हणायला हवं होतं. तिच्याकडे बघून असं तोंडभर कुणी हसल्याला युगं झाली होती.

"आले," ती म्हणाली.

बाबांनी तोंड उघडलं. चिमणीच्या पिलासारखं. एकच चमचा, ती मनात म्हणाली, आणि दुसरा दिला. बाबा पुलांच्या गोष्टी सांगू लागले. एका पुलाचा नकाशा उलटा धरून साहेबानं सही कशी केली, ते. ती हसली. ते हसले. तिसरा चमचा कधी गेला तिला कळलं नाही. नंतर ती मोजत नव्हती.

पाठीमागे नळ सुटला.

एकावर एक ताटं लागल्याचा आवाज आला. घासणी फिरू लागली. मग कुणीतरी गुणगुणायला लागलं, बेसूर, आणि एका ओळीवर अडकून पुन्हा सुरुवातीला आलं.

बाबांनी तिच्या खांद्यावरून पलीकडे एकदा बघितलं आणि तिच्याकडे वाकले. "हळू," ते कुजबुजले. त्यांच्या श्वासाला जॅमचा वास येत होता. स्टुलावर ठेवलेल्या पायाची पट्टी तिला दिसत होती. सकाळी तिनंच बांधली होती, छान घट्ट, आणि त्यातून आज काहीही पाझरलं नव्हतं.

उठ, तिनं स्वतःला सांगितलं. बाटली बंद कर. वळ आणि बघ.

तिला घाम फुटला होता. पण ही भीती तिनं इतके दिवस बाळगली ती नव्हती. तिथे कोण उभं आहे, हे तिला बघायची गरजच नव्हती. पाण्यानं सुरकुतलेले हात, मनगटातलं रबर, दुखरी कंबर, आणि कधी एकदा सुटते हा विचार, सगळं तिला पाठ होतं. ती बाई चांगली होती. ती वळली असती तर तिनं हे ताबडतोब थांबवलं असतं. तिनं एवढ्यात वळू नये, एवढंच सूनबाईला वाटत होतं.

बाटलीच्या तळाशी थोडं उरलं होतं. तिनं चमचा आत घातला, काचेला लागून आवाज होऊ नये म्हणून अगदी हलक्या हातानं.